बारा हजार वॉन बाजूला

बुसानच्या पुस्तकगल्लीत, जिन्यालगतच्या दुकानात
मी, प्यो ओक-बुन, एकतीस वर्षं बसते आहे.
पुस्तक हातात आलं की कडा चाचपून सांगते
वाचलं गेलंय की नुसतंच बाळगलं गेलंय.

हे बाळगलेलं.
शेअर बाजाराचं तांत्रिक विश्लेषण, प्रगत.
सातशे चाळीस पानं, कोबीच्या गड्ड्याएवढं वजन,
मुखपृष्ठावर कँडलची रांग.
लाल म्हणजे चढ, निळी म्हणजे उतार,
आमच्याकडे तसंच असतं.
तीस हजार वॉनला विकते, बाराला परत घेते.
चार वेळा गेलं,
चार वेळा आलं.

आत चार जणांच्या पेन्सिली चालल्यात,
एक टोकदार, एक बोथट,
एक तर भुवया रेखायची.
एकशे बाराव्या पानावर सगळ्या थांबतात,
पुढचा पूल वाहून गेल्यासारख्या.
'डोकं आणि खांदे' नावाच्या आकृतीशेजारी
कुणीतरी बारीक अक्षरात लिहिलंय:
माझाच खांदा दुखतोय.
त्यापुढची पानं अजून एकमेकांना चिकटलेली.

शनिवारी बान इन-ग्यू आला.
पलीकडे येओंगदोच्या गोदीत वेल्डर,
बाहीला ठिणग्यांनी पाडलेली भोकं.
'मावशी, हे घेण्यासारखं आहे का?
सोपं पुस्तक वाचून झालंय माझं.'
'मग?'
'गेले थोडे.'
'आणि अवघड वाचलंस की?'
तो बुटांकडे बघत राहिला.
वाक्य मीच मनात पुरं केलं.

दुकानदारानं असं बोलू नये, पण बोलले:
बाबा रे, या पुस्तकावर आजवर कमावलं ते मी.
बहात्तर हजार वॉन. त्यातून दाताची कवळी नीट करून घेतली,
तीच ही, तुझ्याशी बोलतेय.
आपल्यासारख्या लहान गुंतवणूकदारांना इथे मुंग्या म्हणतात,
आणि मुंगीला पंख फुटले की काय होतं
ते पुस्तकात बघायची गरज नाही, दिव्याखाली बघ.

तो हसला नाही.
'वेल्डिंगही मी पुस्तकातूनच शिकलो,' म्हणाला.
'खोटं.'
'थोडंसं. सांधा हातानंच शिकवला.
पुस्तकानं एवढंच सांगितलं,
आधी डोळ्यांवर काच घे, मग बघ.'

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.
मी चष्मा पुसला, पुस्तक ओढलं,
अनुक्रमणिकेवर बोट फिरवलं. एकतीस वर्षांत
माझ्याच मालाकडे इतकं निरखून बघितलं नव्हतं.
दुसरं प्रकरण: किती गमवायची तयारी आहे.
नऊ पानं. आकृती नाही, कँडल नाही,
साधा तिसरीतला गुणाकार.
चारही पेन्सिलींनी ते ओलांडलेलं,
एक रेघ नाही, नूडल्सचा डागसुद्धा नाही.

'हे इथेच बसून वाच,' मी म्हटलं, 'फुकट.
बाकीचं नंतर ठरव.'
स्टुलावर बसून वाचलं त्याने,
ओठ हलवत, बोटांवर आकडे मोजत.
मध्येच एकदा थांबला,
खिशातून पगाराची चिठ्ठी काढून
तिच्या पाठीवर काहीतरी मांडलं,
खोडलं, पुन्हा मांडलं.
बाहेर शेजारच्या दुकानाचं शटर पडलं.
मला वाटलं, आता ठेवून जाईल.

तीस हजार मोजले त्याने, सुट्टे.
घासाघीस केली नाही.
पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून देताना
चुकलं की बरोबर केलं, मला कळलं नाही,
अजूनही कळत नाही.

आज सात आठवडे झाले.
आधीचे चौघे सहाव्या आठवड्याच्या आत आले होते,
मान खाली घालून, पिशवी पुढे करून.
हा आला नाही.
वाचतोय, की विसरला, की उशाखाली घेऊन झोपतो,
की परत करायला यायचंही भाडं उरलं नाही?
गल्ल्यात, कवळीच्या डबीखाली,
बारा हजार वॉन बाजूला काढून ठेवलेत.
रोज संध्याकाळी मोजते.
तेवढेच असतात.